तात्पुरता आवाज

खेळातल्या गावाला एक रेडिओ असावा ही कल्पना ठकीचीच होती, आणि ती तिला टीव्हीवरच्या बातम्या बघता बघता सुचली होती.

ठकी हे अर्थात घरातलं नाव. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत, आणि हे दुसरं नाव तिथे कुणाच्या कानावर जाऊ नये याची तिने नोकरीला लागल्यापासून डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. प्रोग्रॅमर बाई, हाताखाली माणसं, आणि नाव ठकी, म्हणजे कायमचं हसं. कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. सध्याच्या खेळात नदीकाठचं एक छोटं गाव होतं आणि खेळणारा त्या गावाचा कारभारी. त्याने पूल बांधायचे, शाळा काढायच्या, लोकांच्या शिव्या खायच्या. तो कारभारात जे काही दिवे लावेल त्याची बातमी गावच्या रेडिओवर येणार होती.

त्या दिवशी टीव्हीसमोर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की बातम्यांना फार शब्द लागतच नाहीत. आरोप, खंडन, चौकशी, समिती, तीव्र निषेध, तणावपूर्ण शांतता. नावं तेवढी बदलायची. मग हे शब्द सुटे सुटे बोलून घेतले आणि खेळात जसं घडेल तसे प्रोग्रॅमने ते एकापुढे एक जोडले, तर बातमीपत्र आपोआप तयार होईल. ऑफिसात सगळ्यांना हे पटलं. प्रश्न आवाजाचा होता. खरा कलाकार अगदी शेवटी बोलवायचा आणि तोवर हाताशी असेल त्याचा आवाज घालून काम पुढे रेटायचं, ही या धंद्यातली रीतच आहे. कुणी स्वतःचा घालतं, कुणी बायकोचा.

ठकीने अण्णांचा घातला.

अण्णा तिचे वडील. सगळी नोकरी त्यांनी रेडिओवर बातम्या वाचण्यात काढली होती. महापूर असो, निवडणूक असो की भाववाढ, आवाजाची घडी कधी मोडली नाही. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी आईला पेपर मोठ्याने वाचून दाखवत. आई ऐकत असे की नाही हा वेगळा मुद्दा. टीव्ही लावला की मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"बातमी सांगतायत की भांडतायत?" ते म्हणायचे.

रविवारी दुपारी ठकीने मागची खोली बंद केली, खिडकीवर रजया टांगल्या आणि अण्णांपुढे मायक्रोफोन ठेवला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"अण्णा, आवाजात कपडे दिसत नाहीत हो."

"मला दिसतात ना."

त्यांनी एकेक शब्द असा वाचला की जणू सारा देश कान देऊन बसलाय. मधे एकदा थांबून त्यांनी विचारलं, "श्वास कुठे घेऊ?"

"घेऊच नका. शब्द सुटा हवा. नंतर आम्ही जोडतो."

"बिनश्वासाची बातमी," अण्णा मान हलवत म्हणाले, "काही खरं नाही गं तुमचं." पण खूश होते. ठकीने त्या फाइलींना "तात्पुरता" असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी गावचा रेडिओ बोलायला लागला.

खेळ तपासायला ऑफिसात एक माणूस होता. दिवसभर खेळायचं आणि चुका शोधायच्या, हे त्याचं काम. एकदा एखाद्या चुकीला चिकटला की रक्त प्यायल्याशिवाय सुटत नाही म्हणून सगळे त्याला गोचीड म्हणत, आणि त्यालाही त्याचा अभिमान होता. एका सकाळी तो ठकीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमचा बातमीदार 'चष्मा' म्हणाला."

"काय म्हणाला?"

"पूर्वेकडचा पूल दुरुस्तीसाठी बंद राहील, असं म्हणाला. मग जरा थांबला, आणि मग म्हणाला, 'चष्मा.' पुलाच्या बातमीत चष्मा कुठून आला?"

ठकी हसली. चुकांचं तिला कधी भय वाटलं नव्हतं. यंत्र स्वतःच्या मनाने काही करत नाही. आपणच कधीतरी सांगितलेलं ते निमूटपणे करत असतं, काय सांगितलं ते आपण विसरलेलो असतो. हा तिचा इतक्या वर्षांचा विश्वास होता आणि तो कधी खोटा ठरला नव्हता. तिचा नियमही साधा होता. चूक पुन्हा घडवून दाखवा, मग मी दुरुस्त करते. ऐकीव चुकीमागे ती धावत नसे.

"घडवून दाखव," ती म्हणाली.

"दाखवतोच," गोचीड म्हणाला आणि हात चोळत निघून गेला.

त्या संध्याकाळी अण्णा घरभर काहीतरी शोधत होते. "अगं, माझं ते कुठंय? ते नाकावरचं?"

"नाकावरचं नाकावरच आहे," आई म्हणाली, आणि तिघेही हसले. अण्णांनी हात नेऊन चष्मा चाचपला. "हेच ते," म्हणाले, पण नाव घेतलं नाही. ठकीच्या मनात काहीतरी चुकचुकलं. मग आईने ताटं घेतली आणि ते राहून गेलं.

गोचिडाने चाचणीच्या खोलीतली सगळी यंत्रं कामाला लावली. भिंतीला लावलेल्या टेबलांवर ओळीने पडदे, प्रत्येकावर तेच गाव, तीच नदी, आणि प्रत्येकातून अण्णांचा आवाज. खेळ आपोआप चालत राहायचा, गोचीड कान देऊन बसायचा. चूक पुन्हा घडली. मग आणखी घडली. हवामान कोरडे राहील. जिना. ग्रामसभा तहकूब. उशी. प्रत्येक वेळी शब्द नवा असायचा, एकदा आलेला शब्द पुन्हा यायचा नाही.

ठकीने सगळ्या फाइली उपसल्या. यातला एकही शब्द तिने बोलून घेतलेला नव्हता. उशीचं गावच्या बातमीत कामच काय? शेवटी तिने हात टेकले आणि कानसेनला गाठलं. कानसेन म्हणजे खेळांचे आवाज सांभाळणारा तिचा मित्र. बोलतो कमी आणि ऐकतो फार. गोचिडाने टिपून ठेवलेली "उशी" त्याने कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकली.

"हा तुझ्या शब्दांसारखा नाही," तो म्हणाला. "याच्या आधी श्वास आहे."

"मी श्वास घेऊच दिला नव्हता."

"इथे घेतलाय. वाचल्यासारखा नाही, सहज बोलल्यासारखा." त्याने कानांवरचे हेडफोन काढले. "घरी बोलतात ना, तसा."

ठकीला घर आठवलं. त्या आठवड्यात घरी अण्णा जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून "याच्यावरून वर जायचं ना?" असं विचारत होते, आणि आईने उशी दिली तेव्हा तिला उलटसुलट करून बघत होते. आईचं हसणं आता बंद झालं होतं. "अगं, यांना काय होतंय?" ती स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "शब्दांवर जगलेला माणूस हा."

ठकीलाही तेच झोंबत होतं. अण्णांचे गुडघे गेले असते, दात गेले असते तरी चाललं असतं. पण शब्द हीच त्यांची कमाई होती. ते गेले तर अण्णांमधलं काय उरणार, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो काढवले. त्यांत काही निघालं नाही. मग त्यांनी अण्णांना चित्रं दाखवायला घेतली. गाय. घर. झाड. अण्णा खणखणीत उत्तरं देत होते. ठकी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या फोनवर गोचिडाचा निरोप आला. "आज सकाळपासून दोन सापडले. छत्री आणि कात्री. मजा आहे."

तिने वर बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात छत्रीचं चित्र होतं.

अण्णा चित्राकडे बघत होते. ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले. "हे आपण... डोक्यावर धरतो," ते म्हणाले आणि केविलवाणं हसले.

पुढचं चित्र कात्रीचं होतं.

इथे ठकीने काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. तिथून सरळ ऑफिस गाठायचं आणि ती यंत्रं बंद करायची. पण ती प्रोग्रॅमर होती. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे ती नव्या लोकांना नेहमी ऐकवायची. आजारी माणसाचे शब्द जातात आणि खेळात चुका असतात. दोन्ही रोजचंच. यांचा संबंध आहे असं म्हणायचं, तर तो आधी डोळ्यांसमोर घडायला हवा होता. फक्त एकदा घडवून बघू, असं तिने ठरवलं. हा एकदा किती महाग पडेल हे तिच्या मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाचणीच्या खोलीत गेली. गोचीड कुठल्याशा बैठकीला गेला होता, यंत्रं चालूच होती. तिने खुर्ची ओढली आणि घरी फोन लावला.

"अण्णा, मला आजचा पेपर वाचायला मिळाला नाही. जरा वाचून दाखवता?"

पलीकडे पेपर उलगडल्याचा आवाज आला. कुणीतरी वाचून दाखव म्हणतंय याचाच त्यांना आनंद होता. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "संपावर गेलेल्या शिक्षकांशी सरकारची बोलणी काल पुन्हा फिसकटली..."

एका कानात हा आवाज. दुसऱ्या कानात खोलीतले आवाज, तेही अण्णांचेच. नदीची पातळी वाढली. बाजार समितीची चौकशी होणार. विरोधकांकडून खंडन. ठकी स्वतःशी म्हणाली, बघ, काही होत नाही.

"...वेतनवाढीचा मुद्दा सोडल्यास इतर मागण्या मान्य असल्याचे..."

तिसऱ्या पडद्यावरचा रेडिओ म्हणाला, "शाळेच्या इमारतीचे काम पूर्ण." मग थांबला. श्वास घेतल्याचा बारीक आवाज आला.

"शिक्षक."

ठकीने फोन कानाशी घट्ट दाबला. अण्णा वाचतच होते. "...मान्य असल्याचे सांगण्यात आले. मात्र..." ते अडखळले. "मात्र..."

"मात्र काय, अण्णा?"

"अगं, अक्षरं दिसतायत. हा शब्द कुठला?"

"कशाबद्दल आहे?"

"शाळेत असतात ना... मुलांना सांगतात..." त्यांचा श्वास जोरजोरात ऐकू येत होता. "आत्ताच तर वाचला गं मी. वरच्या ओळीत वाचला."

ती उठली, खुर्ची मागे आपटली. पहिल्या यंत्राची वायर तिने ओढून काढली. दुसऱ्याची काढली.

"अण्णा, वाचू नका आता. पेपर ठेवून द्या."

"का गं? मला जमतंय. थांब जरा."

तिसरं. चौथं. वायरी टेबलामागे गुंतल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरली. वर अजून काही यंत्रं बोलत होती.

त्यातलं एक थांबलं.

श्वास घेतला गेला.

"ठकी."

बातम्यांचा आवाज नव्हता तो. शेवटचं अक्षर थोडं लांबवलेलं, लहानपणी अंगणातून हाक मारायचे तसं. या इमारतीत ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"अण्णा?" ती म्हणाली. "अण्णा, ऐकू येतंय ना?"

"हो, येतंय." आवाज सौम्य होता, अदबशीर होता. "कोण बोलताय आपण?"

अण्णांनी तिला जन्मात कधी "आपण" म्हटलं नव्हतं. ठकी टेबलाखालीच बसून रडायला लागली.

त्याच दुपारी ती आणि कानसेन मिळून तो आवाज पुसायला बसले. तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण पुसायच्या आधी त्याने तिचा हात धरला.

"कॉपी केली तर वस्तू मूळ जागी राहते," तो म्हणाला. "इथे कुणीतरी कॉपी करत नाहीये. उचलून नेतंय. जिथे नेलंय तेच आपण पुसलं, तर?"

"आणि नाही पुसलं, तर?"

तिने सर्व्हरवरून आवाज पुसला, राखीव प्रतींमधून पुसला, गोचिडाने टिपलेले तुकडे पुसले. शेवटी तिने खेळ चालू करून बघितला. गावच्या रेडिओची धून वाजली आणि तिच्यामागे काहीच आलं नाही. गोचिडाने येऊन तोंड पाडलं. त्याची चूक कुणीतरी हातातून काढून घेतली होती.

घरी अण्णा बोलायचे थांबले होते. अडखळणंही संपलं होतं. पेपर समोर धरून बसत, नजर ओळींवरून फिरे, ओठ हलत नसत. आई समोर बसून उगाच इकडचं तिकडचं बोलत राही, कारण ते घर इतकं गप्प तिने कधी पाहिलंच नव्हतं. ठकी दिसली की अण्णा पाहुण्याकडे बघावं तसं बघून मान लववत. आपणच त्यांचा आवाज पुसला हे ती आईला सांगू शकली नाही. सांगणार तरी काय? दिवसांमागून दिवस असेच गेले. नवा कलाकार आला, त्याने शब्द वाचले, गावचा रेडिओ पुन्हा बोलू लागला. त्यात कुठलीही चूक नव्हती.

आणि मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. तिला धड बोलवत नव्हतं.

"अगं, बोलले! हे बोलले! तुझं नाव घेतलं त्यांनी!"

ठकी होती तशी निघाली. वाटेत तिने कुणाकुणाला धक्के दिले ते तिला कळलं नाही. घरात पाऊल टाकलं तेव्हा दुपारचं ऊन बैठकीच्या खोलीभर पसरलं होतं. अण्णा त्यांच्या खुर्चीत ताठ बसले होते, दारापासून जरा दूर, उजेडाकडे पाठ करून. आई डोळे पुसत उभी होती.

"अण्णा," ठकी म्हणाली. "मी कोण?"

"ठकी."

तिने धावत जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. अण्णांचा हात तिच्या केसांवर आला. आवाज खणखणीत होता, कित्येक वर्षांपूर्वी रेडिओवरून यायचा तसा. तिने रडत रडत एकेक गोष्ट विचारली आणि त्यांनी एकेक सांगितली. चष्मा. जिना. उशी. छत्री. शिक्षक. एकही चुकली नाही. आई हात जोडून हसत होती.

"देवासारखी धावून आली बघा तुमची लेक," ती म्हणाली. "थांबा, तुम्हाला दूध देते. सकाळपासून पोटात काही नाही."

तिने दुधाचा पेला आणून अण्णांच्या हातात दिला, आणि ठकीसाठी काही करायला म्हणून दारातून दिसणाऱ्या आतल्या ओट्याकडे गेली. ठकी तशीच जमिनीवर बसून राहिली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. अण्णांनी पेला तोंडाला लावला आणि घटाघट प्यायला लागले. त्यांना खरंच भूक लागली असावी.

"दमलेली दिसतेस गं," अण्णांचा आवाज आला. "चार घास खाऊन जा."

"ऐकलंस?" आई पाठमोरीच हसली. "झाली चौकशी सुरू."

ठकीने उत्तर द्यायला मान वर केली. अण्णांचे ओठ पेल्याच्या काठावर टेकलेले होते आणि गळ्याची घाटी वरखाली होत होती. पेल्याच्या कडेवरून ते तिच्याकडे बघत होते. डोळे मोठे झाले होते आणि त्यांत पाणी होतं.

"उन्हाची नको जाऊस," आवाज म्हणाला.

अण्णा एकेक घोट गिळत होते.